बोरीबंदरचा दगड कोणी कोरला?



बोरीबंदर स्टेशनात ज्याने कधी पाऊल ठेवले नाही, असा माणूस आपल्यात क्वचितच सापडेल. कोणी ठाण्याहून लोकलने नोकरीला येत असे, कोणी कल्याणहून, आणि आपल्यापैकी कित्येकांनी तर रेल्वेच्याच नोकरीत हयात घालवली. मी स्वतः अकरा वर्षे रोज सकाळी त्या स्टेशनात उतरत होतो. या अकरा वर्षांत मी मान वर करून पाहिले ते फक्त घड्याळाकडे.

माझी धाकटी नात सैन्यातून सुटल्यावर इथल्या तरुण मुलांच्या रिवाजाप्रमाणे हिंदुस्थानात भटकून आली. परत आल्यावर तिने फोनवर फोटो दाखवले. त्यांत आमचे बोरीबंदर होते, पण मी कधी न पाहिलेले. खांबाच्या डोक्यावर पानांची दाटी, त्या पानांत बसलेला मोर, एका कोपऱ्यात माकड. तिने विचारले, "आबा, हे कोणी केले?" मी सवयीने म्हटले, "इंग्रजांनी." ती म्हणाली, "इंग्लंडात माकडे असतात का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे वाचनात आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

उत्तर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. क्रॉफर्ड मार्केटकडे जाताना झाडांच्या गर्दीत एक जुने आवार लागते, ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. सर जमशेटजी जिजीभाई या पारशी दानशूर गृहस्थांनी अशा शाळेसाठी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत पहिले वर्ग सुरू झाले. आज आपण 'आर्ट स्कूल' म्हटले की चित्रकार डोळ्यांपुढे येतात. पण या शाळेचा मूळ हेतू निराळा होता. इथल्या कारागिरांना रेखाटन, नक्षी आणि घडाई शिकवावी, म्हणजे त्यांचा हात सुधारेल आणि त्यांच्या धंद्याला बरकत येईल, असा तो हेतू होता.

'हात सुधारेल' या शब्दांवर मी जरा थांबलो. ज्या मुलखात घारापुरी आणि वेरूळ कोरले गेले, तिथल्या पाथरवटाचा हात विलायतेतून आलेल्या मास्तरने सुधारायचा, ही कल्पना आज आपल्याला विचित्र वाटते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत दगडी कोरीवकामाला गिऱ्हाईकच उरले नव्हते. देवळे बांधणारे राजे गेले होते आणि साहेब लोक पुतळे आगबोटीने मागवत होते. आपला फ्लोरा फाउंटन पाहा. तो इंग्लंडमधल्या पोर्टलंड दगडात जेम्स फोर्साइथ या इंग्रज शिल्पकाराने कोरला आणि तयार होऊन मुंबईला आला.

चित्र पालटले ते १८६० नंतरच्या दशकात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडले आणि त्या मोकळ्या जागेवर मोठमोठ्या सरकारी इमारतींचे बेत सुरू झाले. १८६५ साली कापसाचा बाजार कोसळला, कित्येक शेटजी रस्त्यावर आले, पण इमारतींचे बेत थांबले नाहीत. या इमारती गॉथिक धर्तीच्या होत्या. आणि गॉथिक इमारतीला कोरीवकाम लागतेच लागते. खांबाचे डोके, कमानीची कड, पन्हळीचे तोंड, जिथे दगड संपतो तिथे काहीतरी उगवलेले असते. एवढे सगळे विलायतेहून आणणे कोणाच्याच खिशाला परवडणारे नव्हते.

त्याच १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून शाळेत रुजू झाले. सजावटी चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स आले आणि लोखंडाच्या नक्षीकामासाठी हिगिन्स आले. किपलिंग हे नाव आपल्याला त्यांच्या मुलामुळे ठाऊक आहे. 'जंगल बुक' लिहिणारे रड्यार्ड किपलिंग याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मले. (तिथला लाकडी बंगला लोक त्यांचे जन्मस्थान म्हणून दाखवतात. खरे पाहता तो बंगला नंतर बांधलेला आहे, पण पाहायला आलेल्या माणसाला हे सांगून कशाला हिरमुसवा?) मला मात्र बापाचे काम मुलाच्या कामापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. लॉकवुड किपलिंग यांना इथल्या कारागिरांविषयी खरा आदर होता. त्यांनी गावोगाव हिंडून विणकर, सुतार, कुंभार कामाला बसलेले असतानाची चित्रे काढली. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पे त्यांचीच. ते मार्केट १८६९ साली पुरे झाले. आता त्याला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. दहा वर्षांनी, १८७५ साली, किपलिंग लाहोरच्या कलाशाळेवर गेले.

शाळेत दगडकाम कसे चालते, हे इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण ते समजल्यावाचून पुढचे समजणार नाही.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, मुंबईच्या चाळींत पाट्याला, जात्याला टाकी लावणारी माणसे हाळी देत येत असत. अंगणात उकिडवे बसून, डोळे किलकिले करून, ती पाट्यावर ठक ठक करीत ओळीने खाचा पाडत जात. मसाला नीट वाटला जावा म्हणून ही खटपट. त्या माणसाच्या हातातली पोलादी टाकी आणि खांबावर मोर कोरणाऱ्याच्या हातातली टाकी एकाच घराण्यातल्या. फरक हा की, पाट्यावर घाव एकसारखे पडावे लागतात आणि मोरावर प्रत्येक घाव निराळा पडावा लागतो.

शाळेतला विद्यार्थी प्रथम कागदावर काढायला शिकतो. खरे पान, खरे फूल समोर ठेवून रेखाटायचे. मग तेच मातीत घडवायचे. मातीत चूक झाली तर बोटाने लिंपता येते. त्या मातीच्या नमुन्यावरून साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढतात. ही प्रत शेजारी ठेवून दगड घ्यायचा. कंपास आणि ओळंबा लावून प्रतीवरच्या खुणा दगडावर उतरवायच्या. नाकाचा शेंडा किती पुढे, पानाचा खळगा किती आत, हे सगळे मोजून. मग जाड टाकीने नको असलेला दगड उडवायचा, मग छिन्नी, मग बारीक छिन्नी. यात एक गोष्ट कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. उडालेला दगड परत लावता येत नाही. म्हणून शिकणाऱ्याचा हात भीतीने आखडतो आणि भ्यालेल्या हाताचे काम उथळ होते. उथळ कोरलेले पान हातात घेऊन पाहिले तर सुंदर दिसते, पण पन्नास फुटांवर नेऊन बसवले की सपाट होते. तिथे खोल कोरावे लागते, म्हणजे मागे सावली पडते आणि खालून पाहणाऱ्याला पान पानासारखे दिसते. चांगला मास्तर शिकवतो ते हे धाडस.

आता दगडाविषयी. मुंबईचा मूळचा दगड म्हणजे काळा पाषाण. तो कठीण, टिकाऊ, पण बारीक नक्षीला हट्टी. (वेरूळकरांनी त्याच जातीच्या दगडात हत्ती उभे केले, हे आठवले की हात जोडावेसे वाटतात.) भिंतींसाठी कुर्ल्याचा आणि मालाडचा पिवळसर दगड वापरीत. बोरीबंदरच्या भिंती आणि काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या दगडातली आहे. आणि नाजूक कोरीवकामासाठी काठेवाडातून पोरबंदरचा दगड येत असे. हा दगड फिकट आणि मऊ, चुनखडीच्या जातीचा. यरुशलेममध्ये राहणाऱ्या आपल्या बांधवांना तो समजावून सांगायला नको. त्यांच्या घराच्या भिंतीला हात लावला की त्याचा चुलतभाऊच हाताला लागतो. चुनखडीचा दगड खाणीतून निघतो तेव्हा नरम असतो आणि हवा लागली की हळूहळू त्याची पाठ टणक होते. त्याचे थर ओळखून, तो खाणीत जसा पडला होता तसाच इमारतीत बसवावा लागतो. उभा बसवला तर पापुद्रे सुटतात. मुंबईच्या पावसाने, खाऱ्या वाऱ्याने आणि इंजिनांच्या धुराने या मऊ दगडाचे हाल केले. काही चेहऱ्यांची नाके गेली, काही पाने बोथट झाली.

बोरीबंदरचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. आर्किटेक्ट होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह व वाघ टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचे. बाकीचे अफाट नक्षीकाम, म्हणजे माझ्या नातीने टिपलेली पाने, पक्षी आणि माकडे, ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केले. झाले, प्रश्नाचे उत्तर मिळाले. माकडे मुंबईच्या मुलांनी कोरली.

पण नातीला असे नुसते 'मुलांनी' म्हणून भागले नाही. तिला नावे हवी होती आणि तिथेच माझी पंचाईत झाली. आर्किटेक्टचे नाव आहे, देखरेख करणाऱ्याचे आहे, अर्पचे आहे. ज्यांच्या हातात छिन्नी होती त्यांची नावे, एखाददुसरे आडनाव सोडले, तर आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्याच शाळेच्या चित्रकलेच्या बाजूला मात्र असे झाले नाही. ग्रिफिथ्स १८७२ पासून काही वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून घेत. त्यांतल्या पेस्तनजी बोमनजींसारख्यांची नावे आजही कलेच्या इतिहासात आहेत. म्हणजे भिंतीवरच्या चित्राची नक्कल केली तर नाव राहते आणि स्टेशनाचा खांब नवा कोरला तर राहत नाही.

दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. पाथरवटाने आपल्या कामाखाली सही करायची, ही चाल आपल्याकडे तरी कुठे सर्रास होती? कैलास लेणे कोरणाऱ्यांतले किती जण आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत? आणि दगडकाम एकट्याचे नसते. एकाने खडबडीत काढायचे, दुसऱ्याने पान काढायचे, तिसऱ्याने कड साफ करायची. मग सही कोणाची घालणार? हिशेबाच्या वहीत ठेकेदार आणि रक्कम लिहिली की काम भागत होते.

तरी एक नाव राहिले आहे आणि ते मला फार आवडले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत. २८० फूट उंचीचा हा टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढलेले. पण त्या चोवीस मूर्तींचे नमुने घडवले ते कामावरचे असिस्टंट इंजिनिअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. हुद्दा इंजिनिअरचा आणि हात मूर्तिकाराचा! पगड्या, दाढ्या, अंगरखे, उभे राहण्याची ढब, हे सगळे त्यांनी रस्त्यावर रोज पाहिलेले होते. पोरबंदरच्या दगडातल्या त्या मूर्ती २०१५ साली संपलेल्या दुरुस्तीत साफसूफ झाल्या आहेत. कॉलेजात असताना त्या टॉवरखालून आपण परीक्षेच्या धास्तीने मान खाली घालून गेलो. नाव राहिले कारण ते 'रावबहादूर' आणि इंजिनिअर होते, हेही कबूल केले पाहिजे. त्यांच्या नमुन्यांवर छिन्नी चालवणाऱ्यांचे नाव तिथेही आपल्याला भेटत नाही.

आता क्षणभर आपल्या घरात डोकावू. आपले पूर्वज कोकणात तेल गाळीत आणि मुंबईला आल्यावर पलटणीत व कचेरीत गेले, हे आपण मुलांना सांगतो. सुतार, गवंडी आणि मिस्त्री झाले त्यांच्याविषयी आपण कमी बोलतो. माझे पणजोबा सुतारमिस्त्री होते. कोकणातल्या एका सिनेगॉगमध्ये (आमची आजी मशीदच म्हणत असे) तेब्याचा कठडा त्यांच्या हातचा आहे, असे घरात सांगत. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तीवर देणगीदाराचे नाव आणि रुपये आहेत. कठडा गुळगुळीत आहे, त्यावर काहीच नाही. ज्या वाचकांच्या घरी असा कोणी मिस्त्री, गवंडी, शिंपी वा लोहार होऊन गेला असेल, त्यांनी त्याचे नाव, गाव आणि त्याने केलेले एखादे काम संपादकांकडे लिहून पाठवावे, अशी माझी विनंती आहे. पाठवायला पुढच्या सणाची वाट पाहू नये. ज्यांना आठवते ती माणसे पंचाऐंशीच्या पुढे गेली आहेत.

हे लिहिताना की-तिस्सा आणि वायकहेल हे दोन परिच्छेद मला पुन्हा वाचावेसे वाटले. मिश्कानचे काम कोणी केले हे तिथे किती नेमकेपणाने नोंदले आहे! यहूदा वंशातला बेत्सालेल, त्याच्या बापाचे नाव उरी, आजोबाचे हूर. त्याच्या जोडीला दान वंशातला ओहोलियाब, अहिसामाखचा मुलगा. सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि जडवायचे दगड कापणे, ही त्यांची कौशल्ये सांगितली आहेत. आणि आणखी एक देणगी सांगितली आहे, जी माझ्या ध्यानात पूर्वी कधी आली नव्हती. ती म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धी. हात चांगला असणे निराळे आणि तो हात दुसऱ्याला देता येणे निराळे. असे पाहिले तर रानातल्या त्या तंबूभोवतीही एक कलाशाळाच भरली होती. मात्र सूत कातणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो, पण त्यांतल्या एकीचेही नाव येत नाही, हे माझ्या नातीने लगेच दाखवून दिले.

त्या बेत्सालेलच्या नावाची शाळा आपल्या या देशात आहेच. बोरिस शात्स नावाच्या शिल्पकाराने ती १९०६ साली यरुशलेममध्ये काढली. गालिचे, धातुकाम, लाकडाची नक्षी असे उद्योग तिथे शिकवीत आणि माल विकून खर्च भागवण्याची धडपड करीत. ती मधे, १९२९ साली, पैशाअभावी बंद पडली आणि १९३५ साली पुन्हा सुरू झाली. तिची सुरुवातीची हकीकत वाचताना मला मुंबईच्या शाळेचीच आठवण येत राहिली. नमुने काढणारे बहुधा युरोपातून आलेले मास्तर आणि चांदीची तार ओढून ती नाजूक जाळी विणणारे येमेनी सोनार, ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती. त्या काळच्या वस्तूंवर बहुतेक करून शाळेचा शिक्का सापडतो, सोनाराचा क्वचित.

मुंबईच्या शाळेकडे परत येऊ. १८७८ साली तिला स्वतःची इमारत मिळाली. १८९१ साली तिथे रे आर्ट वर्कशॉप निघाले आणि गालिचे, लाकूड, चांदी-तांब्याचे काम शिकवले जाऊ लागले. त्याआधी जॉर्ज टेरी यांनी सिंधचे कुंभार आणून अजिंठ्याच्या नक्षीची भांडी करवून घेतली होती. पण हळूहळू बाकावर कारागिरांच्या मुलांपेक्षा शिकल्यासवरलेल्या घरची मुले अधिक दिसू लागली, ड्रॉइंग मास्तरची नोकरी मिळावी म्हणून आलेली. कारागिराला चार वर्षे मुलाला बिनकमाईचे ठेवणे कसे परवडावे? १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' ही प्लास्टरची मूर्ती केली आणि त्यांचे नाव विलायतेपर्यंत गाजले. तेव्हापासून शाळेतून सही करणारे शिल्पकार निघू लागले. सही न करणारे कुठे गेले, ते कोणी लिहिलेले नाही.

शाळेचा एक धागा मात्र आपल्या सर्वांच्या बोटांत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षा आठवतात ना? स्थिरचित्र, मुक्तहस्तचित्र आणि ते संकल्पचित्र, चौकोनात वेलबुट्टी बसवायची आणि रंग चौकोनाबाहेर जाऊ द्यायचा नाही. ती वेलबुट्टी याच शाळेच्या वर्गांतून गावोगावच्या शाळांत पोचली. मला इंटरमिजिएटला 'क' श्रेणी मिळाली होती, ही गोष्ट मी नातीला सांगितलेली नाही.

२०२३ साली या शाळेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिल्पकलेचा वर्ग अजून आहे. बोरीबंदरला आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात आणि २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. राजाबाई टॉवर आणि ससून लायब्ररी ज्या परिसरात आहेत तोही २०१८ साली त्या यादीत गेला.

आपल्यापैकी कोणी मुंबईस जाणार असेल तर एक सकाळ राखून ठेवावी. रविवार बरा, गर्दी कमी असते. ऊन तिरपे असताना जावे, म्हणजे कोरीवकामाच्या सावल्या दिसतात. दुपारच्या उन्हात सगळे सपाट होते. प्रथम क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे शेतकरी पाहावेत. मग रस्ता ओलांडून जे. जे. च्या आवारावरून चालत स्टेशनाकडे यावे. तिथे बाहेरच्या पदपथावर उभे राहून आधी घुमट पाहू नये, तो कॅलेंडरवर पाहिलेला असतो. एकच खांब निवडावा आणि त्याच्या डोक्यावरची पाने शेजारच्या खांबाशी ताडून पाहावीत. दोन्ही एकसारखी आहेत का, कुठे फरक आहे, कोणाचा हात खोल गेला आहे आणि कोणाचा आखडला आहे, हे दहा मिनिटांत कळू लागते. नातीने तेवढ्यासाठी पुढच्या वर्षी मला बरोबर न्यायचे ठरवले आहे. दुर्बीण तिची, भाडे माझे.